बोटाची जखम

बिलोली,
८ जानेवारी २०२४

ती. सौ. सौदामिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोन यांच्या खिशात, आणि घरात आला की स्पीकरवर. बाईमाणसाचं दुखणं गल्लीभर होतं.

तूर कापताना विळा बोटाला लागला होता. जखम कधीच भरली, पण डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ तशीच आहे. सासूबाई म्हणतात, लई मनावर घेऊ नको, अवधान हाय. हाताला जखम झाली की काखेत गाठ येतीच. रोज हळदीचा लेप लावतात. दुखत नाही, म्हणून मीही गप्प आहे. लेकीची परीक्षा झाली की तुझ्याकडे लातूरला येईन म्हणते.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी धाकटी,
राजश्री


लातूर,
५ फेब्रुवारी

चि. सौ. राजश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परीक्षेची वाट न बघता तुला दटावून बोलावलं, तर तू आलीस तीही भांडतच. छातीच्या फोटोत, त्या मॅमोग्राफीत, काही निघालं नाही म्हणून तुझ्या व्यंकटरावांनी पेढे वाटले आणि संध्याकाळच्या नांदेड गाडीने तुला घेऊनही गेले. गाठीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मी काल आणला. राजू, तो कॅन्सर आहे, आणि छातीचाच. फोटो स्वच्छ आहे म्हणून मीही डॉक्टरांशी वाद घातला. ते म्हणाले, कधी कधी मूळ इतकं बारीक असतं की सापडतच नाही, काखेतली गाठच आधी कळते.

सासूबाईंना सांग, अवधान त्यांनी बरोबर ओळखलं. जखम तेवढी बोटाला नाही, आत आहे. मला फार भीती वाटते गं. घरी काय सांगायचं ते सांग, पण ये.

तुझी वाट बघणारी,
ताई


नांदेड,
१९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बिलोलीला येऊन भांडून गेलीस, तरी यांनी एकच धरलं होतं: छातीत काही न्हाई, तर छातीचा कॅन्सर कसा? डॉक्टर उगं भेव घालून राहिलेत. सासूबाईंना तुझं पटलं, त्या रोज यांच्या मागे लागायच्या. यांना पटेपर्यंत पाठदुखीने मी अंथरूण धरलं होतं. आता इथे दाखल आहे. कण्यात पोचलाय. ताई, मला जगायचं होतं गं.

परवा डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं, तुम्ही फेब्रुवारीत आला असतात तर बरं व्हायची खूप आशा होती. हे बाहेर बाकावर बसले होते. फार खंगलेत, डबाही तसाच परत नेतात. डॉक्टर काय म्हणाले, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी येऊनही काही उपयोग नव्हता.

हे तुलाही विचारतील. तू तेच सांग.

माया असू दे.

तुझी,
राजश्री