नात्यांचा तक्ता

४ जून
आलो एकदाचे! खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. ताईने आल्या आल्या ओटा घासून काढला आणि "लोळ्या, ऊठ, पडदे लाव" म्हणून मलाही कामाला जुंपलं. आईबाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं. नगरपालिकेची वेबसाइट मला नव्याने बांधायची आहे. जन्म, लग्न, पत्ते, गावाच्या सगळ्या नोंदी तिच्यावर. गोगलगायीसारखी चालते म्हणे.

७ जून
दुखणं सापडलं. जुना डेटाबेस तक्त्यांचा आहे. माणसं एका तक्त्यात, पत्ते दुसऱ्यात, कोण कोणाचं ते तिसऱ्यात. साधा दाखला काढायचा तरी सगळे तक्ते जुळवत बसायचं. मी सुचवलं, डॉक्युमेंट डेटाबेस घेऊ. प्रत्येक माणसाचं एक पान, त्यातच त्याचं सगळं, ठरीव रकान्यांची कटकट नाही. साहेब खूश. तक्ते सांभाळणारी चष्मेवाली मात्र म्हणाली, की माणूस एका पानात मावेल, पण नातं दोघांमध्ये असतं, ते कोणत्या पानावर ठेवणार? मी हसून म्हटलं, दोन्हीकडे लिहू.

१५ जून
सगळी माणसं नव्या डेटाबेसमध्ये पोचली. ताईची आणि माझीही नोंद झाली. वेबसाइट सुसाट! नात्यांच्या तक्त्याचे बरेच जोड हलवताना निसटले, पण कुणाचं काही अडलं नाही. जुना सर्व्हर पुसून टाकला. साहेबांनी पाठ थोपटली.

१८ जून
चष्मेवालीचा भाऊ तिचा विसरलेला डबा घेऊन आला. तिने विचारलं, कोण हवंय आपल्याला? आम्ही हसलो. तो हसला नाही. तीही नाही.

१९ जून
साहेबांनी घरी पोलिस बोलावले. दोन अनोळखी मुलं घरात शिरली आहेत म्हणे. त्याच मुलांचा फोटो त्यांच्या टेबलावर आहे.

२० जून
शाळा सुटली तेव्हा मी समोरच होतो. मुलं फाटकाशी उभी. त्यांच्या आया आल्या, सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि आपण इथे का आलो हेच न कळून परत गेल्या. एका मुलीने एका बाईचा हात धरला. बाईने तो हळूच, अगदी सभ्यपणे सोडवून घेतला.

२१ जून
निसटलेले नात्यांचे जोड पुन्हा भरायला बसलो. पण कोणाला विचारून भरू? ज्यांना विचारावं तेच नकारार्थी मान हलवतात. लिहिलेलंही टिकत नाही. पान पुन्हा उघडलं की तिथे काहीच—

२२ जून
ताईचं पान उघडलं. त्यात मी नाही. धावत घरी. "जेवलास का रे?" म्हणाली. जिवात जीव आला.

२३ जून
ताई मला आज— अहो म्हणाली.

२४ जून
ती बॅग भरते आहे. राहू दिलंत, उपकार झाले म्हणते. मी दारात आडवा आलो तर घाबरली. मग लहानपणापासूनचं सगळं सांगितलं— माझी आजारपणं, तिचं मोडलेलं लग्न, माझ्यासाठी— तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुम्हाला अशी बहीण होती, नशीबवान आहात.

गेली. खाली रस्त्यावर थांबून वर बघते आहे. विचारते, का हाका मारताय, तुम्ही माझे कोण? सांगायला तोंड उघडलं आणि— लिहून बघतो, लिहिलं की आठवेल. मी तिचा— मी तिचा