जावयाने चिकटवलेला बीम

वर्धा, २४ मे १९८८

ती. अण्णाजींच्या पायांशी धाकट्या मधुकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सर्व खुशाल आहोत, म्हणजे हे लिहीपर्यंत तरी आहोत. (पत्र अंगणात बसून लिहितो आहे, बैठकीत नव्हे. कारण पुढे येतेच.)

आमच्या बैठकीच्या मधोमध सिमेंटचा बीम आहे, त्याला चैत्रात तडा गेला. मी मिस्त्रीला बोलावणारच होतो, पण अधिकमासाच्या वाणाला जावई आले (आपल्या लीलाचे प्रभाकरराव, नागपूरचे इंजिनियर) आणि अनारसा खाता खाता वर पाहून म्हणाले, "मामाजी, तोडफोड काऊन करता? मी चिकटवून देतो न!" अण्णाजी, बीम म्हणजे काय पोस्टाचे तिकीट आहे? पण जावयाला नाही म्हणायची आपल्या घरात कोणाची छाती आहे!

परवा रविवारी ते काचेच्या धाग्यांचे कापड आणि दोन डबे घेऊन आले. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे औषध. दोन्ही कालवले की लगेच लावायचे असते म्हणे. पहिले कालवण आपल्या उन्हात ते शिडी चढेपर्यंतच दगड झाले. (हिचे उलथने त्यात उभे आहे. उलथने उचलले की डबाही येतो.) दुसरे जमले. भेगेत राळ भरली, बीमच्या पोटाला कापड थापले, वरून रूळ फिरवला. "आता पह्यल्यापेक्षा मजबूत," म्हणाले. हिने त्यांचे पान मानाने बीमखालीच मांडले. त्यांनी एकदा वर पाहिले आणि पाट उचलून स्वयंपाकघरात नेला. बैठकीत गरम होते म्हणे. (स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती.)

तेव्हापासून मी खरोखर भ्यालो आहे. कुठे टक् झाले की अंगणात पळतो. बैठकीतून भिंतीला घासून चालतो. येत्या रविवारी व्याही-विहीण धोंड्याच्या जेवणाला येणार, आणि मानाची जागा नेमकी बीमखाली! टेकू लावावा तर जावयाचा अपमान, मग लीलाला सासरी ऐकावे लागेल. न लावावा तर व्याह्यांच्या डोक्यावर काय पडेल ते देव जाणे. हिला टेकूचे नाव काढले तर म्हणाली, "जावयाच्या कामाले टेकू देता? लोकं काय म्हणतीन?" (हे ती ओट्यावरून म्हणाली. बैठकीत तीही पाऊल टाकत नाही.)

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
मधुकर

ता. क. रविवारी बैठकीत सत्यनारायण घालतो आहे. तळेगावच्या आपल्या गोठ्यामागे सागाच्या बल्ल्या पडल्या आहेत, त्यातल्या चार जाड पाहून शनिवारच्या आत पाठवा, छताला भिडतील एवढ्या. चौरंगाभोवती केळीचे खांब लागतातच, त्यांच्या आत बल्ल्या दडवीन. दोन बीमखाली येतील, दोन शोभेला. कोणाजवळ बोलू नका.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करतो तोच लीला एस.टी.ने आली आणि आईच्या कानाशी लागली. हिने ते लगोलग मला सांगितले : "आई, हे म्हणत होते का रविवारी सत्यनारायण ठेवा, अन् केळीच्या खांबाच्या अंदर सागाचं लाकूड बांधा. ऊन तापलं का राळ नरम पडते म्हणे. पन बाबाले सांगू नोको, भेतीन ते."

अण्णाजी, चार नको, आठ पाठवा.