शेपूच्या शेवया

समारा, १२ फेब्रुवारी २००४

आदरणीय ओयदिन ओपा यांस,
धाकटा भाऊ यादगारचा सलाम. वि. वि.

तुम्ही वाळवून पाठवलेल्या शेवया मतकरीम आकांच्या जावयाने पोचत्या केल्या. इथे रशियात शेपूचा तोटा नाही, उकडलेल्या बटाट्यावरही पेरतात. पण तो नुसता पाला. शोइरा म्हणते, तुम्हाला बायकोपेक्षा बहिणीच्या हातचं गोड. मी नाही म्हटलं नाही.

मुख्य बातमी अशी की या उन्हाळ्यात जसूरची सुंता गावच्या घरी करायची आहे. पाहुण्यांना बसायला दिवाणखाना हवा. रस्त्याच्या बाजूला तुमचे वाफे आहेत ती जागा ठरवली आहे. एप्रिलमध्ये गावाला हशरला बोलवा, सगळ्यांचे हात लागले की दोन रविवारांत भिंती उभ्या राहतील. बांधकाम मतकरीम आका बघतील, त्यांना कळवलं आहेच. तब्येतीला जपा आणि माया राहू द्या.

तुमचा यादगार


खीवा, ३ मार्च २००४

चि. यादगारजान यास,
ओयदिनचे अ. आ. जसूरला माझा पापा.

दिवाणखाना बांध, तुझा हक्कच आहे. घर धाकट्या मुलाचं ही आपली रीत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तो गोठ्यामागे बांध, एवढं ऐक. आपल्याकडची जमीन कशी असते हे तू विसरला नसशील. थंडी सरता सरता सगळीकडे पांढरं मीठ फुटतं. मी सासरहून परत आले तेव्हा वडिलांनी रस्त्याकडचा तुकडा दाखवून म्हटलं होतं की हा तुझा. मग दर वर्षी पाणी तुंबवून, मीठ जिरवून, राख आणि शेण घालून आम्ही ती माती गोड केली. दुकानं रिकामी होती त्या सालांत तुझं पोट त्याच वाफ्यांनी भरलं. हे दुसरीकडे नेता येत नाही रे. राग मानू नकोस. इकडची आठवण असू दे.

तुझी ओपा


समारा, २० मार्च २००४

आदरणीय ओपा यांस सलाम. वि. वि.

गोठ्यामागे पाहुण्यांना बसवलं तर लोक तोंडात शेण घालतील. रस्त्यावरून दिसलं पाहिजे. शेपू बाजारात मिळतो, ओपा, जुडी ती काय! तुम्ही उगाच जीव पाखडता. बहिणीला राबवतो म्हणून लोक मलाच नावं ठेवतात. आता जरा बसून खा.

हशरच्या दिवशी माणसांना शेपूच्या शेवयाच घाला. आपलं नाव निघालं पाहिजे. मुलाकडे पाहून तरी रुसू नका, आणि प्रेम कमी करू नका.

तुमचा यादगार


खीवा, २६ एप्रिल २००४

चि. यादगारजान यास अ. आ.

तुझं नाव निघालं. आदल्या संध्याकाळी मी सगळा शेपू मुळासकट उपटला, मागे ठेवून करणार काय? कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पातही काढली. पहाटे शेपू वाटून त्याच्या रसात पीठ मळलं. शेवयांवर मटण-बटाट्याचा रस्सा, बाजूला दही. माणसं रिकाम्या वाफ्यांच्या बांधावर बसून जेवली, दोनदा मागून घेतलं. मतकरीम आकांनी हात उचलून दुआ केली, की या हाताची चव कधी न जावो. मीही आमीन म्हटलं आणि ताटं उचलली. मग त्यांनी तोंडं पुसली आणि फावडी घेतली. माती लोण्यासारखी आहे, पाया झटपट होईल, असं कुणीतरी खुशीत म्हणालं. मी आत जाऊन भांडी घासली. सगळ्यांना विचारलं आहे.

तुझी ओपा


समारा, ९ ऑक्टोबर २००४

आदरणीय ओपा यांस सलाम. वि. वि.

सुंतेचा समारंभ किती छान झाला, इथली आपली माणसं अजून दिवाणखान्याचं बोलतात. काल तुमच्या शेवया आल्या. शोइराने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आपलं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. माझे डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, ही आपल्या मातीची चव, बाजारच्या शेपूला सात जन्मांत यायची नाही. वाफे गेले म्हणून एवढं मनाला लावून घेतलंत, पण कुठेतरी कोपऱ्यात लावलात ना? मला ठाऊक होतं. आणखी पाठवा. लोभ आहेच, तो वाढवा.

तुमचा यादगार


खीवा, २ नोव्हेंबर २००४

यादगार,

कोपरा राहिलेला नाही. गोठ्यामागे पेरून पाहिलं. बोटभर वर आलं आणि मिठाने करपलं. दिवाणखान्याच्या भिंतींनाही खालून पांढरं फुटायला लागलं आहे, मतकरीम आकांना येऊन बघायला सांग.

त्या शेवया बाजारच्या शेपूच्या होत्या. टेम्पोतून येतो. विकणाऱ्या बाईला विचारलं कुठला, तर तिलाही सांगता येईना. तुझं पत्र वाचून वाटलं, गप्प बसावं. पण बसवत नाही. वाफे गेले त्याचं जेवढं लागलं नाही तेवढं तुझे डोळे भरून आले याचं लागलं. इतकी वर्षं मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला नसलं तरी तुझ्या जिभेला माहीत आहे मी त्या मातीचं काय केलं ते. तेवढ्यावर मी राबत होते.

यापुढे शेवया येणार नाहीत. शोइराला सांग, शेपू बारीक वाटायचा, त्याच्या रसातच पीठ मळायचं, वरून पाणी घालायचं नाही. शेपू कुठलाही घ्या. तुला चालतो.

ओयदिन