खडकाच्या पानावरची पुसलेली ओळ

प्रिय हिरामावशी,

आज सरांनी विचारलं, "वैशाली, हिराबाईंचं विकीवरचं खातं बंद करू या ना?" मी 'उद्या सांगते' एवढंच म्हणाले. म्हणून तुलाच लिहितेय. तू गेलीस त्याला महिना झाला, आणि कुणालाही सांगता येणार नाही असं काहीतरी माझ्याजवळ साठलंय.

पालघरच्या कॉलेजात, बी.ए.च्या वर्गात, पन्नाशीची बाई! पहिल्याच दिवशी तू माझ्या बाकावर येऊन बसलीस. अंगाला सुक्या बोंबलाचा वास, पिशवीत कोरी वही. मी सरावली गावची, बाबा कारखान्यात. समुद्र फक्त सुट्टीत पाहिलेला. मी अहो-जाहो करायला लागले, तर म्हणालीस, "एका बाकाव बसतो आपन. अहो कशाला? तू म्हन."

मग भूगोलाच्या सरांनी वर्गाचा विकी काढला. आपल्या परिसराबद्दल इंटरनेटवर एकाने लिहायचं, दुसऱ्याने ते तपासून सुधारायचं. तुझं खातं मीच उघडून दिलं, पासवर्डही मीच बनवला. किती घाबरायचीस तू त्या कीबोर्डला! एका बोटाने अक्षरं शोधत तू तारापूरकडच्या तुमच्या किनाऱ्यावरल्या खडकाचं पान लिहिलंस. मी गटप्रमुख. तुझ्या 'हाय'चं मी 'आहे' केलं, 'नाय'चं 'नाही' केलं. आणि एक ओळ तर पुसूनच टाकली:

"खडकाव मागून हाक आयली तं थांबू नका, परत फिरा. पानी पुढून नाय, मागून येते."

शेऱ्यात लिहिलं, 'अंधश्रद्धा. संदर्भ नाही.'

"संदर्भ म्हंजे काय गो?" तू विचारलंस.

"हे कुठल्या पुस्तकात आहे, ते."

"माजा भाव तितंच बुडला. त्याचं नाव लिवू?"

मी खाली मान घातली. ओळ मात्र परत घातली नाही. का नाही घातली मी? एक बटण तर दाबायचं होतं!

मग तुला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तू गेलीस.

तुझे दिवस झाले आणि पुढच्याच आठवड्यात वर्गाची अभ्यासभेट त्याच खडकावर गेली. सकाळची वेळ, लख्ख ऊन, समुद्र खूप आत गेलेला. सर म्हणाले, "हिराबाईंचं पान वाच." मी मोबाइलवर पान उघडलं. वाचत वाचत खाली आले. ती ओळ तिथे होती, तुझ्या 'नाय'सकट! पानात कुणी कधी बदल केला, त्या इतिहासात पाहिलं. नाव तुझं, वेळ त्याच सकाळची.

मी ती मोठ्याने वाचली. सगळे हसले. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "गो वैशाली."

वळले. कुणीच नव्हतं. खडक आणि वाळू यांच्या मधल्या सखल भागात पाणी चमकत होतं, जराही आवाज न करता भरत होतं. समोरचा समुद्र अजून तसाच लांब.

"सर, परत! आत्ताच्या आत्ता!"

एकमेकांचे हात धरून आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. एकीची सॅक वाहून गेली, बाकी सगळे सुखरूप. नंतर काठावरून पाहिलं, तर आम्ही उभे होतो तिथे नुसता फेस.

"ती ओळ तूच टाकलीस ना?" सरांनी विचारलं. "पासवर्ड तुझ्याकडेच होता." मी हो म्हणाले. खोटं बोलले, मावशी. ती ओळ पानावर आली तेव्हा मी सगळ्यांबरोबर बसमध्ये होते, मोबाइल दप्तरात.

तुझ्या घरी जाऊन आले. सुनेने कपाटातून तुझा फोन काढून दाखवला. "आई गेल्या तवापासून बंदच हाय," ती म्हणाली. फोन हाताला ओला लागला. की माझेच हात घामेजले होते?

भीती वाटते तुझी? वाटते. पण त्याहून लाज जास्त वाटते. शेजारी बसून सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही, म्हणून तुला परत यावं लागलं का गं?

उद्या सरांना खरं सांगणार आहे. विश्वास ठेवोत न ठेवोत, खातं मी बंद करू देणार नाही. रविवारी तुमच्या गावी जाईन, मासळी सुकवणाऱ्या बायांजवळ बसेन. त्यांना ठाऊक असलेलं त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच नावाने लिहायला शिकवेन, आणि त्यांना विचारल्याशिवाय एक कानामात्राही हलवणार नाही. हा माझा शब्द. तू आता निवांत हो, मावशी. वर्गाकडे मी बघते.

तुझ्या शेजारची,
वैशाली