आडवं झालं की श्वास येतो

१२ डिसेंबर, नांदेड
आठवीच्या मुलींना खो-खोत पळून दाखवायला गेले नि दोन खांबांच्या मधेच बसले. दम, अंधारी. मुलींना वाटलं बाई गंमत करून राहिल्या, हसल्या. गवतावर आडवी झाले तर श्वास परत आला. उठले की पुन्हा तेच. लोकांचं उलटं असतं ना? आडवं झाल्यावर दम लागतो. माझंच असं.
हे म्हणाले, "वय झालं आता." पंचेचाळीस हे काय वय झालं?

२० डिसें.
हृदय ठणठणीत. मग दंडातल्या शिरेतून बुडबुड्यांचं पाणी सोडून ते कुठं जातं ते डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. मूळ लिव्हरमध्ये निघालं. लिव्हर खराब आहे हे माहीत होतंच, गोळ्या चालू होत्या. आता त्यापायी फुफ्फुसातल्या बारीक नसा रुंद झाल्यात म्हणे. रक्त ऑक्सिजन न घेताच पुढं जातं. उभं राहिलं की जास्तच.
लॅबमधल्या बाईनं हळूच विचारलं, "मिस्टर पितात का?"
"न्हाई हो. आणि ते प्याले तर माझं लिव्हर कसं जाईल?"
दोघी हसलो. हसण्यानंही दम लागला.

८ जाने., हैदराबाद
मोठे डॉक्टर. औषधानं हे बरं होत नाही, लिव्हर बदलणं हाच इलाज. घरातल्या कुणीतरी आपल्यातला तुकडा द्यायचा. ह्यांचा रक्तगट जुळत नाही. निलंग्याकडं माझा दादा, त्याला शुगर. राहिली आमची रेणू. एकुलती लेक.
बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून व्हरांड्यात चालवलं. फिजिओथेरपीची तरुण मुलगी सोबत. "मॅडम, सावकाश. दम लागला तर थांबा." मी जन्मभर पोरींना ह्याच्या उलट सांगत आले. थांबले नाही. शेवटी तिनंच हात धरून खुर्चीत बसवलं. लई राग आला. तिचा नाही.
डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन लावून चाला, पण चालणं सोडू नका. पायात ताकद राहिली तर ऑपरेशन पेलाल."
रेणूला कळू द्यायचं नाही. लातूरला क्लासला आहे, मेडिकलसाठी रिपीटचं वर्ष. ह्यांना शपथ घातली.

३० जाने.
सकाळी आमची वरात निघते. मी नाकात नळी लावून पुढं, हे सिलिंडरची गाडी ओढत मागं. गल्ली बघते. बघू दे. आज पिठाच्या गिरणीपर्यंत न थांबता गेले! गिरणीवाल्यानं स्टूल पुढं केलं. बसले नाही.

१८ फेब्रु., लातूर
रेणूचा हट्ट, "कधीची आली न्हाईस तू." नळी न लावता गेले. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. म्हटलं, तूच खाली ये. मेसमध्ये बसलो. आजूबाजूला सगळी पुस्तकं घेऊन जेवणारी पोरं. बोलता बोलता तिनं माझा हात धरला नि नखं बघत राहिली. निळसर, टोकं फुगलेली.
"हे कधीपासून?"
"थंडीनं गं."
"आई, मी बायोलॉजी शिकून राहिले."
मग सगळं सांगावं लागलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझा गट तुझाच आहे."

२५ फेब्रु.
फोनवर भांडण. मी म्हटलं, तुझं पोट फाडून मला श्वास नको.
"भूकंपात मामानं तुला ढिगाऱ्यातून ओढून काढलं. वरची भिंत हलून राहिली होती तरी. त्याला नको म्हणालीस का?"
"तेव्हा मला कोण विचारणार होतं?"
"मग मीही विचारत न्हाई."
नंतर दादाचा फोन. तिनंच सांगितलेलं. "शैले, पोरीनं हात पुढं केलाय. झटकू नको."
दिवसभर डोक्यात तेच. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायचो, समोर मोठं मोकळं मैदान. तिथंच खो-खो शिकले. घर गेलं नि पळायला जागा मिळाली. दादा काठावर बसून बघायचा. त्या भिंतीबद्दल एका अक्षरानं बोलला नाही कधी.

१९ मार्च
तोड निघाली. परीक्षेनंतर तपासणी. फक्त तपासणी. मी पुढचं कबूल केलेलं नाही.
गिरणी आता लांब वाटते. मधे बसावं लागतं. पण निघते रोज. हे म्हणाले, आज राहू दे. म्हटलं, आज राहिलं की उद्याही राहतं.

७ मे
काल पेपर झाला. "कसा गेला?" "गेला." बॅग घेऊन थेट नांदेडला आली. सकाळी सिलिंडरची गाडी तिनं ओढली. माझ्या चालीनं चालायला तिला जड जात होतं. तिरक्या नजरेनं माझे ओठ बघायची.

२१ मे, हैदराबाद
रेणूच्या तपासण्या झाल्या. सगळं जुळतंय. आज डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेतलं. देणाऱ्याशी एकटं बोलायचंच असतं म्हणे. मनात नसेल तर तसं सांगता यावं, आणि घरच्यांना ते कधी कळू नये. नियम चांगला आहे. बाहेर बसवेना. व्हरांड्यात चालत राहिले, हे मागं.
दार उघडलं. बाहेर आली, ओढणी सारखी केली. आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
"भूक लागली. कँटीनला जाऊ," म्हणाली.
हे चाकाची खुर्ची आणायला निघाले. नको म्हटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले. तीही हळूहळू. ह्या वेळेला तिला माझी चाल जमली.
मला मात्र कुणी एकटीला आत बोलावलं नाही. बोलावून विचारलं असतं, बाई, तुम्हाला मनातून काय हवंय, तर मी खरं सांगितलं असतं: मला पुन्हा पळायचंय.