त्या बाजूचा चढ

मंगळवार, ४ मार्च

बायकोची बदली झाली. बँकेच्या टेकडीपलीकडच्या शाखेत, सोळा किलोमीटर. सतरा तारखेपासून हजर व्हायचंय. ‘मागून घेतली,’ असंही तिने पाणी ओतता ओतता सांगितलं. मी ‘अच्छा’ म्हणालो.

सायकलने जाणार म्हणते. तिची जुनी रेसिंग सायकल जिन्याखाली धूळ खात पडलीय, पण तिचे गिअर सपाटीचे. ‘चढाला चालतील असे बसवून देशील?’ चार महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

बुधवार, ५ मार्च

आमचं भांडण नाही. भांडायलाही काहीतरी लागतं, ते संपलंय. ती पुढच्या खोलीत झोपते, मी आतल्या. ती राहणार आहे की जाणार, एवढंच मला विचारायचंय. आज अगदी जिभेवर आलं होतं. विचारलं काय, तर— ‘मागच्या चकतीला किती दाते आहेत गं?’

‘पंचवीस,’ म्हणाली.

शुक्रवार, ७ मार्च

सायकलच्या मिस्त्रींकडे गेलो. मी सगळं उलटंच धरून बसलो होतो! पुढची चकती जितकी लहान तितका चढ हलका. मागची मात्र जितकी मोठी तितका हलका. पुढे चौतीस दाते आहेत, ते ठीक. मागे बत्तीसची चकती लगेच मिळेल. चौतीसची मागवावी लागेल, शिवाय चेन सरकवणारा भागही बदलावा लागेल.

पुढे चौतीस, मागे चौतीस म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. ‘गोगलगाय होते हो, पण खाली उतरावं लागत नाही,’ मिस्त्री म्हणाले.

शनिवार, ८ मार्च

बसने टेकडी पाहून आलो. आपल्या बाजूचा चढ लांबलचक, पण सोसवणारा. पलीकडून येताना मात्र शेवटचे दोन किलोमीटर नुसती भिंत. बसच धापा टाकत होती. ती रोज संध्याकाळी दमून तिथून येणार. चौतीसच हवी.

बरं वाटलं. ठरवायला काहीतरी मिळालं म्हणून असेल.

सोमवार, १० मार्च

तिला कागदावर काढून दाखवलं. शेजारी बसली, चक्क वीस मिनिटं.

‘बत्तीस पुरेल,’ म्हणाली.

‘जाताना पुरेल. येताना नाकी नऊ येतील.’

‘त्या बाजूचा चढ तू धरूच नकोस.’

‘का?’

‘नको धरूस.’ मग उठून खिडकी लावली. उघडी नव्हतीच फारशी.

मी तिच्या पायांना कमी लेखतोय, असं वाटलं असणार तिला. पाय दणकट आहेत तिचे, हे खरंच.

मंगळवार, ११ मार्च

काही नाही. दुकानात दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढले.

गुरुवार, १३ मार्च

मिस्त्री ऐकेनात. ‘अहो, परत यायचंय ना वहिनींना? मग बत्तीस कशाला?’ मी म्हणालो, तिचं म्हणणं तसं आहे. मग त्यांनी बत्तीस बसवून दिली.

त्यांचा प्रश्न घरी घेऊन आलो. तिला एवढंच सांगितलं, बत्तीस बसली.

रविवार, १६ मार्च

पिशवी कॅरियरला बांधण्याआधी वजन केलं. अकरा किलो. ‘रोज एवढं?’ तर म्हणाली, ‘पहिल्या दिवशी असतंच.’

अंगणात गिअर बदलून दाखवले. चेन जराही कुरकुरत नाही. तिने दोन चकरा मारल्या. ‘छान केलंस रे,’ म्हणाली आणि हसली. मला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी झाला, म्हणून लिहून ठेवतोय.

सोमवार, १७ मार्च

निघताना ‘येते’ म्हणाली नाही. ‘जाते’ म्हणाली. मी मागच्या चाकाची हवा दाबून बघत होतो. ‘बरं,’ म्हणालो.