चादरीचं दुसरं टोक

दि. ९ मार्च, रविवार

चि. धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, औषध संपेपर्यंत घ्यायचं असतं, बरं वाटेपर्यंत नाही.

रोज फोन होतो आणि पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझं तोंड दिसतं, आणि ते दिसलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शिवाय आई मध्येच फोन ओढून घेते. इकडे कामाला यायच्या खर्चासाठी तू शिलाई मशीन विकायला काढलंस, असं ती म्हणाली. थांब. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी गिऱ्हाइकाला थोपवून धर.

तुला इथलं काम मी कधी नीट सांगितलंच नाही. फोटो पाठवले तेवढे. हॉटेलांच्या चादरी इथे धुवायला येतात. त्या एकटीने घडी करता येत नाहीत. एकीने दोन कोपरे धरायचे, समोरचीने दोन, ताणायच्या, झटकायच्या आणि चालत एकमेकींजवळ यायचं. दिवसभर समोर तेच तोंड, म्हणून प्रत्येकीची जोडीण ठरलेली असते. माझी जोडीण मैना. आपल्याच भाषेची. तोंड क्षणभर मिटत नाही, म्हणून सगळ्या तिला मैना म्हणतात. मी नवी असताना रडायचे, तेव्हा चादर झटकून म्हणायची, "रड गं, पण टोक सोडू नको. पुन्हा धुवावी लागेल."

मग मी मुकादमीण झाले. हातात किल्ल्यांचा जुडगा आला. आईनं ते गल्लीभर सांगितलं, "किल्ल्या लेकीच्या कमरेला, म्हणजे मालकीणच की ती!" मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हसू नकोस.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या जुडग्यातली एक किल्ली पासपोर्टच्या कपाटाची आहे. बाई इथे उतरली की साहेब तिचा पासपोर्ट ठेवून घेतो. हरवेल म्हणतो. माझाही घेतला होता. मुकादमीण झाले त्या दिवशी तो माझ्या हातात दिला आणि बाकीच्यांचे सांभाळायला सांगितले. मी 'हो' म्हटलं. आनंदानं म्हटलं.

गेल्या महिन्यात मैना माझ्याकडे आली. "अगं, आईची शुद्ध गेलीय. भाऊ म्हणतो, लगेच ये. किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"साहेबाकडे असते," मी म्हणाले. माझा हात तेव्हा खिशावरच होता.

तुला इथे कामावर घ्यायचं कबूल करताना साहेबानं बजावलं होतं, गर्दीच्या दिवसांत एकही बाई गेली तर तुझ्या बहिणीचं येणं विसर. तेव्हा तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे, धाकटे. मला ती किल्ली सोडवत नव्हती. दोन दिवसांनी मैनाची आई गेली. बातमी कळली तेव्हा ती कामावर होती. तिनं हातातली चादर पूर्ण घडी केली, माझ्याकडे दिली आणि भिंतीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कुणीच आलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. मी चादर उचलली की दुसरं टोक जमिनीवर लोळत राहायचं. कडा हनुवटीखाली धरून मी एकटीनं घड्या घातल्या, वेड्यावाकड्या. सगळ्या बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी कपाट उघडायला मला इतके दिवस लागले, याची लाज त्याहून मोठी आहे.

काल साहेब बाहेर गेला होता. जेवणाच्या सुट्टीत मी कपाट उघडलं आणि जिचा तिचा पासपोर्ट जिच्या तिच्या हातात दिला. मैनानं आपला घेतला, स्वतःचा फोटो पाहिला.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना?"

"हो."

"मला ठाऊक होतं. तू कधी सांगतेस, ते बघत होते." एवढंच बोलून ती गेली. मैना, आणि एवढंच बोलली!

साहेब उद्या कपाट उघडेल. तुझं येणं आता माझ्याकडून तरी होणार नाही. उद्या सकाळी मैना सोडून सगळ्या बाया मिळून तक्रार द्यायला मजूर कचेरीत जाणार आहेत. कालपर्यंत साहेबापुढे मान वर न करणाऱ्या बाया पासपोर्ट हाती आल्यावर मोठमोठ्यानं ठरवत होत्या, आधी कोण बोलणार, काय बोलणार. मला 'चल' असं कुणी म्हटलं नाही. मी मागून जाणार आहे. किल्ली कुणाकडे होती, हे सांगायला तिथे कुणीतरी हवंच.

तू येऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. इथे येऊन आपल्या पायावर उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. ये, दुसऱ्या कुणाकडून ये, सगळं विचारून ये. पण पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नकोस. सांभाळायला मागितला तरी नको. मी मागितला तरी नको.

हे पत्र मैना आणून देईल. ती आज रात्री निघतेय. आई तर आता नाही, पण घर तरी बघून येते म्हणाली. पाकीट मी चिकटवणार नाही. तिला वाच म्हणेन; वाचेल की नुसतंच पिशवीत ठेवेल, ते तिचं ती ठरवेल. तिला दारातून परत पाठवू नकोस. आत बोलाव, बसव. आणि माझ्याबद्दल ती जे सांगेल, ते या पत्रापेक्षा खरं मान.

ते ऐकून झाल्यावरही म्हणावंसं वाटलं, तर तुझीच,
ताई